दोन रात्रींचा प्रोजेक्टर

माझे बाबा ८३ वर्षांचे. नजर इतकी अधू झाली आहे की टीव्हीवरचे चेहरे त्यांना ओळखू येत नाहीत, आवाजावरून माणूस ओळखतात. म्हणून मे महिन्यात इथे नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) एका दुकानातून फुल एचडी प्रोजेक्टर शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणला. भाडं १,२०० रुपये, डिपॉझिट ३,००० रुपये.

आधी तक्रार. पेटीत एचडीएमआय केबलच नव्हती. भर दुपारी ४४ डिग्रीत मला परत बर्डी गाठावी लागली. दुकानातला मुलगा "चुकून राहून गेली ताई" म्हणाला आणि लगेच केबल दिली, पण सामान देताना एकदा तपासून द्यायला किती वेळ लागतो? तुम्ही नेणार असाल तर तिथेच उभं राहून जोडून बघा.

शनिवारी हॉलमध्ये भिंतीपासून दहा फुटांवर ठेवला. भिंत पिवळसर, त्यामुळे रंग मळकट दिसत होते. पांढरी चादर ताणून लावली आणि चित्र उजळलं. 'सामना' लावला. श्रीराम लागू मुळात कान-नाक-घशाचे सर्जन, निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आणि दिग्दर्शक जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर. १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या सिनेमात इतक्या वेगवेगळ्या वाटांनी आलेली माणसं आहेत. फुल्यांचा चेहरा चादरभर आला तसे बाबा खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "अगं, डोळे बघ त्याचे." कितीतरी दिवसांनी त्यांना कुणाचे तरी डोळे दिसले. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

आवाजाचं मात्र अवघड आहे. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर कूलरपुढे टिकत नाही आणि मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून कोण बसणार! ब्लूटूथ स्पीकर लावला तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. शेवटी ऑक्सची वायर लावली तेव्हा कुठे जमलं. वायर घरातली होती, दुकानवाले देत नाहीत.

रविवारी मशीन गच्चीवर नेलं. नऊनंतरही फरशी तापलेली होती, पण कूलरची घरघर नाही म्हणून प्रत्येक शब्द ऐकू आला. 'कोर्ट' लावला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. आंबेडकरी चळवळीतला कार्यकर्ता, 'विद्रोही'चे संपादक. १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने इथेच गेले. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. मला मात्र त्यांचं कोर्टातलं नुसतं बसणं विसरता येत नाही. आपल्याच खटल्याच्या तारखांवर तारखा पडताहेत आणि हा माणूस गप्प. ज्याने आयुष्यभर सभा आणि मोर्चे केले त्याच्या अंगात ते बसणं आधीच मुरलेलं असणार, असं मला मनापासून वाटतं. लांबलचक स्थिर दृश्यात फ्रेमच्या कडेला असलेली माणसंही मोठ्या चित्रात दिसतात. मोबाइलवर मी हाच सिनेमा पाहिला होता, तेव्हा त्यातलं निम्मं दिसलंच नव्हतं.

मशीनची खरी उणीवही त्याच सिनेमात कळली. शेवटाकडे कोर्टाचे दिवे मालवतात आणि पडद्यावर अंधार राहतो. तो काळा दिसायला हवा, आमच्या चादरीवर राखाडी दिसला. शिवाय शेजारच्या इमारतीचा ट्यूबलाइट त्यावर पडत होता. अंधाऱ्या दृश्यांसाठी याहून जास्त कॉन्ट्रास्टचं मशीन मागा.

भाच्याला मधे संदीप पाटीलचा 'कभी अजनबी थे' हवा होता, पाच मिनिटांत त्यालाच कंटाळा आला. क्रिकेटपटू मैदानावरच बघावेत.

सोमवारी मशीन परत केलं, डिपॉझिट पूर्ण मिळालं. आईला 'पिंजरा' बघायचा आहे, म्हणून येत्या शनिवारचं बुकिंग करून आले. या खेपेला केबल काउंटरवर लावून बघितल्याशिवाय दुकानातून निघणार नाही.