अठरा हजार रुपये तासाचं विमान

करमाळ्यात माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. जुना ट्रॅक्टर घ्यायचा झाला की तालुक्यातले लोक आधी मला सोबत नेतात. अवर मीटर बघून, इंजिनाचा आवाज ऐकून, गाडी खरोखर किती चालली आहे ते मी सांगतो. चोवीस वर्षं हेच काम करतोय. पण मुलीला पायलट करायचं ठरलं तेव्हा तेहतीस लाख रुपये मी एकाही विमानाचा मीटर न बघता भरले. ज्यांचं मूल आज बारावी सायन्सला आहे आणि पायलट व्हायचं म्हणतंय, त्यांनी पहिला हप्ता भरायच्या आधी हे वाचावं, एवढ्यासाठी सगळं लिहितोय.

मुलगी २०२२ ला बारावी झाली, फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन. वर्षभर पुण्यात खोली घेऊन राहिली, ग्राउंड क्लास केले. नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल, डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक खात्याचे सगळे पेपर तिनं काढले. पास व्हायलाच सत्तर टक्के लागतात. क्लास टू मेडिकल झालं, मग क्लास वन. तिच्या बाजूनं कुठं कसूर नव्हती. आता उरलं उडणं. कमर्शियल लायसन्सला किमान २०० तास लागतात, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन.

आम्ही बापलेकीनं चार शाळांची कोटेशनं मागवली आणि वहीत मांडली. महाराष्ट्रातल्या दोन शाळांचे आकडे ४८ आणि ५२ लाख होते. तिसरी ४५ लाख. चौथी परराज्यातली, ३६ लाख. ३६ लाख भागिले २०० म्हणजे तासाला अठरा हजार. त्या आकड्याखाली मी लाल पेनानं रेघ ओढली. पुण्यातल्या क्लासच्या एका कौन्सिलरनं त्याच शाळेचं नाव सुचवलं होतं. "काका, दोनच सीट राहिल्यात, आणि महिन्याच्या आत पूर्ण फी भरली तर तीन लाख कमी करून देतो," असं तो म्हणाला. त्याला दर ॲडमिशनमागे कमिशन मिळतं, हे मला वर्षभरानं कळलं.

ते ३६ लाख म्हणजे नेमके कशाचे, हे मी विचारलंच नाही. एअरलाइनला जायचं तर मल्टी-इंजिन रेटिंग, म्हणजे एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान चालवायची परवानगी, लागतं. त्याचे १५ तास वेगळे, ४८ हजार रुपये तासानं, म्हणजे ७ लाख २० हजार. त्यासाठीचं विमान शाळेकडे नव्हतंच, दुसरीकडे जाऊन उडायचं होतं. हॉस्टेल आणि मेस वेगळं, अठरा महिन्यांचे जवळजवळ तीन लाख. इंधन महागलं म्हणून तासाला दीड हजार जादा, म्हणजे आणखी तीन लाख. लँडिंग, परीक्षकांची फी, चाचणीची उड्डाणं, असं धरून दीड लाख. बेरीज साडेपन्नास लाखांच्या पुढं जाते. ५२ लाखवाल्या शाळेनं हे सगळं धरून आकडा सांगितला होता आणि आम्ही तिलाच महागडी म्हणून वगळली.

पैसे भरायच्या आधी शाळा बघायला मी, मुलगी आणि तिचे मामा गेलो होतो. रविवार होता. हँगरमध्ये आठ विमानं ओळीनं उभी. मामांनी फोटो काढले. मी सवयीनं चाकांकडे बघितलं. शेवटच्या सेसना १५२ चं एक टायर बसलेलं होतं. पंखाखाली बिजागरीच्या खाचेत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, वाळून पांढरं पडलेलं. शेतात महिनोन्‌महिने उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये मी अशी घरं शेकड्यानं काढली आहेत. चालत्या यंत्रावर ती माशी घर बांधत नाही. ते बघून मी विचारलंसुद्धा, की हे कधीपासून उभं आहे? सोबतचा माणूस म्हणाला, "सर, पावसाळा आहे ना, सीझन सुरू झाला की आठच्या आठ उडतात." मी मान डोलावली. त्या दिवशी मी तिथून परत फिरायला हवं होतं.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. गॅरेजची जागा तारण ठेवून पंचवीस लाखांचं कर्ज काढलं. उरलेले आठ लाख शिल्लक, बायकोचे दागिने आणि मेहुण्याची मदत. जुलै २०२३ मध्ये एकरकमी भरले. पैसे सगळे एकदम गेल्यावर आपल्या हातात काय उरतं, याचा विचार त्या सवलतीच्या आनंदात कुणी केला नाही.

पहिलं उड्डाण ऑक्टोबरमध्ये झालं. पाऊस थांबेपर्यंत थांबा म्हणाले, ते पटलं. पावसाळ्यात उडणं कमी होतंच. पण दिवाळी झाली, संक्रांत झाली, आकाश स्वच्छ, आणि मुलगी हॉस्टेलवर बसून. रोज रात्री फोनवर मी विचारायचो, "आज?" ती म्हणायची, "नाही पप्पा, बोर्डावर नाव नव्हतं." डिस्पॅचच्या खोलीत एक पांढरा बोर्ड होता, दुसऱ्या दिवशी कोण उडणार ते त्यावर लिहायचे. मार्च २०२४ पर्यंत, नऊ महिन्यांत, तिचे २३ तास झाले होते.

मग मी करमाळ्यात बसून जो हिशोब केला तो आधी करायला हवा होता. मुलीला विचारलं, खरोखर उडणारी विमानं किती? दोन. बाकीच्यांचं काय? एकाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलंय, दोघांचे भाग काढून तिसऱ्याला लावलेत, काहींचं एआरसी संपलंय. एआरसी म्हणजे उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, ते दर वर्षी लागतं. मुलं किती? सत्तर. एक विमान दिवसाला पाच तास आणि महिन्यात पंचवीस दिवस उडलं, तर दोन विमानांचे २५० तास. सत्तर मुलांत वाटले तर डोईला साडेतीन तास. या वेगानं २०० तासांना पावणेपाच वर्षं लागतात. अठरा महिन्यांचा कोर्स म्हणून त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलेला.

तासाचा भाव कितीही कमी असू दे, ते तास मिळतच नसतील तर तो भाव खोटा आहे. उशीर नुसता वेळ खात नाही, पैसे खातो. मध्ये खंड पडला की सोलोला, म्हणजे एकट्यानं उडायला, सोडायच्या आधी इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा चाचणीचं उड्डाण, त्याचे पैसे आपल्याकडून. क्लास वन मेडिकल वर्षाचं, ते पुन्हा. लायसन्सच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत १५ तास उडलेलं असावं लागतं, आणि २०० तास पाच वर्षांच्या आतले लागतात. हॉस्टेलचं भाडं चालूच. बँकेचं व्याजही चालूच, मूल विमानात असो की खोलीत.

आता मीटरचं. एप्रिलमध्ये मुलीनं बिलाचा फोटो पाठवला, १.४ तास. मी म्हणालो, मीटर किती होता? ती म्हणाली, हॉब्ज मीटर सुरुवातीला आणि शेवटी तिनं बघितला होता, फरक १.१ चा होता. विमानात दोन मीटर असतात. टॅको हा आपल्या जुन्या ट्रॅक्टरच्या मीटरसारखा आरपीएमवर तास मोजतो, इंजिन हळू चाललं तर मीटरही हळू. हॉब्ज साधारणपणे ऑइल प्रेशर आलं की घड्याळासारखा चालतो, त्यात दशांशाचा एक आकडा म्हणजे सहा मिनिटं. तिसरा हिशोब ब्लॉक टाइमचा, विमान जागचं हलल्यापासून परत थांबेपर्यंत. लॉगबुकला, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीला, तो चालतो, त्यात गैर काही नाही. पण बिल कशावर, ते करारात कुठंच नव्हतं. शाळा बिल ब्लॉक टाइमवर म्हणायची, आणि ती वेळ विद्यार्थी नाही, ऑफिसातला माणूस लिहायचा. अठरा मिनिटं म्हणजे ५,४०० रुपये. मी मुलीला सांगितलं, आजपासून सुरुवातीचा आणि शेवटचा फोटो काढायचा. दोन महिन्यांच्या फोटोंचा मेळ घातला तेव्हा जवळजवळ प्रत्येक बिलात दोन-तीन आकडे जास्तीचे होते.

जुलैमध्ये सीएफआय, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, नोकरी सोडून गेले. सोलो थांबल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही मुलीला परत आणलं. चौदा महिने, ६१ तास. आणि इथं सगळ्यात वाईट प्रकार झाला. लॉगबुकच्या शेवटच्या चौदा तासांवर सही नव्हती, आणि ऑफिसनं सांगितलं की रिफंड मागणार नाही असं लिहून द्या, मग सही करून देतो. मुलगी दोन दिवस त्या ऑफिससमोर बसून होती. शेवटी नवीन आलेल्या प्रशिक्षकांनी रेकॉर्ड तपासून सही दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दर उड्डाणाची सही त्याच दिवशी घ्या आणि पानाचा फोटो घरी पाठवा, मग शाळा कितीही चांगली असो.

पैशांचं असं झालं. ६१ तासांचे अठरा हजारांनी ११ लाख होतात, म्हणून आम्ही २२ लाख परत मागितले. त्यांनी करारातलं नववं कलम दाखवलं, भरलेली फी कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही, आणि वाद झाल्यास त्यांच्याच शहरातलं न्यायालय. पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली, ते म्हणाले हा दिवाणी वाद दिसतो. ग्राहक आयोगात जायची नोटीस दिली तर त्यांच्या वकिलानं उत्तर पाठवलं की शिक्षण ही ग्राहक सेवाच नाही. आमच्याकडे बोलणारी एकच गोष्ट होती, मीटरचे ते फोटो. ते वकिलानं पुढं ठेवल्यावर जानेवारी २०२५ मध्ये नऊ लाखांवर तडजोड झाली, तीन चेक. दोन वटले. तिसरा परत आला, त्याचा कलम १३८ खाली खटला चालू आहे.

दुसरी शाळा निवडताना मी कोटेशन मागितलंच नाही आधी. आठवड्याच्या मधल्या दिवशी, न कळवता, सकाळी सहाला गेटबाहेर उभा राहिलो आणि दुपारपर्यंत किती विमानं उठली ते मोजलं. पाच वेगवेगळे व्हीटी नंबर, म्हणजे विमानांचे नोंदणी क्रमांक, लिहून घेतले. मग चहाच्या टपरीवर मुलांना विचारलं, गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? मुलं खरं सांगतात. कुणी नऊ म्हणालं, कुणी अकरा. शेवटच्या बॅचमध्ये किती जणांना लायसन्स मिळालं आणि किती महिन्यांत, ते विचारलं. त्यानंतर आत गेलो. प्रत्येक विमानाच्या एआरसीची तारीख दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवली. पैसे दर वीस तासांना भरणार, बिल हॉब्जवर, मध्येच सोडलं तर न उडलेल्या तासांचे पैसे तीस दिवसांत परत, हे करारात लिहून घेतलं. आधी नाही म्हणाले. मी उठलो, तेव्हा तयार झाले. ही शाळा त्या ३६ लाखवालीपेक्षा तासाला साडेपाच हजारांनी महाग आहे.

ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए शाळांना श्रेणी द्यायला लागली आहे, वर्षातून दोनदा. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. आम्हाला २०२३ मध्ये अशी यादी नव्हती, तुम्हाला आहे, ती जरूर बघा. पण गेटवर उभं राहून मोजायचं काम यादी करत नाही.

मुलीचे आता १५८ तास झालेत. गॅरेजच्या जागेवर बँकेचा बोजा आहे, बायकोच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत, तिनं त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. मुलीला मी फोटो पाठवायला सांगणं कधीच बंद केलं, तरी ती पाठवते. काल संध्याकाळी दोन आले. पहिल्यात ४२१७.३, दुसऱ्यात ४२१८.६. थोड्या वेळानं बिल आलं, १.३.