शिरोलीच्या शिफ्टमधून संगणकाकडे: बी.ई., एम.सी.ए. की ऑनलाईन बी.एस.?

कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत काही वर्षं काढून संगणकाकडे वळायचं असेल, तर आधी हे ठरवा: नोकरी सोडणार की सांभाळून शिकणार? निम्मा निकाल तिथेच लागतो.

इंजिनिअरिंगची पदवी घरबसल्या मिळत नाही. अभिमत विद्यापीठांनी पत्रव्यवहाराने दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्यांचा फुगा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फोडला, तरीही 'बी.टेक. घरी बसून' विकणारे आहेत. त्यांच्या दारात पाऊलही टाकू नका. नोकरदारांसाठी काही कॉलेजांत संध्याकाळच्या बॅचेस असतात. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यता त्याच बॅचला आहे का, ते तपासून घ्या.

डिप्लोमावाल्यांसाठी थेट दुसऱ्या वर्षाची बी.ई. ही सगळ्यात सरळ वाट. वर्षं तीन. अडचण येते ती मॅथ्स-३ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताला. पहिल्या वर्षाचं गणित हुकलेलं असतं आणि समोर एकदम लाप्लास, फुरिए ही वरच्या पातळीची प्रकरणं उभी राहतात. प्रवेशाआधीच्या सुट्टीत इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स घोटून काढा, नाहीतर तो विषय शेवटच्या वर्षापर्यंत मागे लागतो. शाखाही विचारपूर्वक घ्या. मशिन शॉपमधला अनुभव जपून ऑटोमेशनकडे जायचं असेल, तर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच बरी. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा डोक्यात असेल तर एम.सी.ए. (संगणकातली पदव्युत्तर पदवी) उपयोगाची नाही, तिथे इंजिनिअरिंगचीच पदवी लागते.

बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्यांना आमचा कौल एम.सी.ए.ला. २०२०-२१ पासून ती दोन वर्षांची झाली, त्यामुळे चार वर्षांची नवी पदवी घेण्यात अर्थ उरत नाही. पण दोन वर्षांत दमछाक होते. डेटा स्ट्रक्चर्स या विषयात लिंक्ड लिस्टमधला, म्हणजे साखळीसारख्या जोडलेल्या यादीतला, एक नोड (कडी) काढायचा तर आधीच्या नोडचा पॉइंटर (पुढच्या कडीचा पत्ता) काढायच्या नोडच्या पुढच्याला जोडायचा, मग मधला मोकळा करायचा. हा क्रम उलटला की पुढची सगळी यादी हातची जाते. परीक्षेत हे कागदावर लिहावं लागतं, तिथे कंपायलर चूक दाखवायला नसतो. रोज तासभर हाताने कोड लिहिणारा पास होतो. व्हिडिओ बघून 'समजलं' म्हणणारा अडकतो.

नोकरी सोडता येत नसेल तर आयआयटी मद्रासची २०२१ मध्ये सुरू झालेली डेटा सायन्सची ऑनलाईन बी.एस. बघा. खरोखर चांगली आहे. आधी पात्रता फेरी, मग फाउंडेशनचे आठ विषय: गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी प्रत्येकी दोन, शिवाय पायथन आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग. एका विषयाला आठवड्याला सुमारे १० तास द्यावे लागतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच. रोटेशन शिफ्ट असलेल्याने एका टर्मला दोनच विषय घ्यावेत. चार घेतले की नाईट शिफ्टच्या आठवड्यात असाइनमेंट बुडतात. मधेच थांबावं लागलं तरी टप्प्याटप्प्यावर प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा पदरात पडतो, ही याची मोठी जमेची बाजू.

बी.ई., एम.सी.ए.चा प्रवेश कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. कॉलेज स्वतः भरतं त्या संस्था स्तरावरच्या जागेला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही. शिक्षणात खंड पडलेला असल्याने गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं; ते आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला फॉर्म सुटायच्या आधीच करून ठेवा, ऐनवेळी सेतूत रांग लागते.