गप्प बसलं म्हणजे शून्य नव्हे: कार्बन मोनॉक्साइड अलार्म, चार तारे

गॅस गिझर, बंद खिडकी आणि आत धाकटा भाऊ. वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना, हाकेला ओ नाही. कडी उचकटली तेव्हा भिंतीला टेकून डोकं धरून बसलेला. मी शहाणपणा करून घरातला ऑक्सिमीटर लावला. ९८! म्हटलं, चला, बरा आहे. इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गिझरच्या धुरातला विषारी वायू, हे त्या चिमट्याला कळतच नाही म्हणे. रक्तात कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, निघालं २४ टक्के. लगेच घट्ट मास्क, शंभर टक्के ऑक्सिजन. साध्या हवेत हे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. हायपरबेरिक चेंबरपर्यंत, म्हणजे जास्त दाबाने ऑक्सिजन देतात त्या बंद कक्षापर्यंत, वेळ आली नाही, तेवढं नशीब.

त्यानंतर गिझर बाल्कनीत गेला आणि हा अलार्म आला. तळहातावर मावेल एवढा. वाफेत लावू नका असं माहितीपत्रकात आहे, म्हणून बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये लावला.

स्क्रीनवर पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग) आकडा दिसतो, आणि माझे चार तारे त्यालाच. दीड महिना शून्य होतं. मग एका संध्याकाळी जाता जाता बघितलं तर ३८, आणि हे महाशय गप्प! गॅस बंद करून दारं-खिडक्या सताड उघडल्या. गिझरच्या धुराच्या पाइपाचा सांधा निसटला होता आणि धूर बाल्कनीच्या दारातून आत येत होता. मी कस्टमर केअरवर चिडून घेतलं, पण माहितीपत्रक नीट वाचलं तर चूक माझीच. युरोपीय मानकानुसार ५० पीपीएमला तो ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. ५० च्या खाली गप्प राहणं नियमाला धरूनच आहे. बिनस्क्रीनचा घेतला असता तर मला काही कळलंच नसतं.

मग एक तारा का कापला? खोक्यावर ठळक अक्षरांत ‘तत्काळ इशारा’ छापलंय म्हणून. शिवाय टेस्टचं बटण दाबलं की कानठळ्या बसतात, पण त्यात फक्त भोंगा, बॅटरी आणि सर्किट तपासलं जातं. सेन्सर जिवंत आहे की नाही, ते त्यातून समजत नाही. या मॉडेलच्या सेन्सरचं आयुष्य १० वर्षं आहे. मागच्या लेबलवर ‘या तारखेला बदला’च्या पुढे कोरी रेघ होती. मार्करने तारीख मीच लिहिली.