थर्टीफर्स्टला दारूविना तंबूत: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

दारू सोडलेल्यांच्या त्या शिबिराबद्दल लगेच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. १ जानेवारीला कर्जतहून परतताना लोकलमध्ये मी इतका भारावलो होतो की शेजारच्या भाजीवालीलाही हॅपी न्यू इयर म्हणालो. म्हणून मुद्दाम थांबलो. आमच्यात भारावलेल्या माणसाच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच आहे. व्यसनमुक्तीच्या वॉर्डातून डिस्चार्ज घेतानाही मी दोनदा असाच भारावलो होतो. दोन्ही वेळा पंधरा दिवसांत परत बारच्या पायरीवर.

शिबिर ३० डिसेंबर २०२३ च्या शनिवारी सकाळी सुरू झालं, सोमवारी सकाळी संपलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी मीटिंगांतून एकमेकांना आधार द्यायची संघटना, तिच्या नावावर ते नव्हतं. परळ-दादरच्या मीटिंगांना येणाऱ्या काही मेंबरांनी आपापसांत काढलेली सहल होती. शिस्त मात्र तिथलीच. आडनाव विचारायचं नाही, चेहऱ्याचे फोटो नाहीत, बाहेरच्या कुणाची देणगी घ्यायची नाही, खर्च वाटून. माणशी १,९०० रुपये पडले. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘कर्जत ट्रेक’, म्हणजे ऑफिसात स्क्रीन दिसली तरी पंचाईत नाही. आम्ही एकवीस जण होतो. बरेचसे दारूवाले, तीन-चार गर्दमधून (ब्राउन शुगरच्या व्यसनातून) बाहेर आलेले तरुण आणि एक ताई, ज्यांच्यासाठी वेगळा तंबू आणि सोबतीला त्यांची बहीण.

नाव देताना अट होती की पिणं थांबून किमान ३० दिवस झालेले हवेत. तेव्हा मला ती जाच वाटली, आता पटते. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केलं की पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, आणि जंगलात ते निस्तरायला कुणी नसतं. असा माणूस घरात असेल तर त्याला तंबूत पाठवू नका, आधी डॉक्टरकडे न्या. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

जागा कर्जतपासून टमटमने तासाभरावर, कोथळीगडाच्या पायथ्याकडे. तंबू बरे होते, संडास वाईट होते. एकवीस माणसांना दोन, त्यातल्या एकाची कडी आतून लागत नव्हती, म्हणून गाणं म्हणत बसायचं. पण खरी तक्रार दुसरीच. जागामालकाने शेजारचं पटांगण कुठल्याशा कंपनीच्या पार्टीला दिलं होतं आणि ते आम्हाला सांगितलंच नव्हतं. शनिवारी साडेसातला डीजे सुरू झाला. डीजेचं काही नाही हो. पण वाऱ्याबरोबर तळलेल्या चखण्याचा वास आला आणि पाठोपाठ सोड्याची बाटली उघडल्याचा तो ‘फस्स’. आमच्या पटांगणात एकदम शांतता झाली. एकवीस माणसांनी एकच आवाज ऐकला होता, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

माझ्या तंबूतले काका तेव्हा लसूण सोलत होते. काका पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेले, तेही १९८६ ला ते सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले. म्हणजे त्यांची सोब्रायटी, दारूविना काढलेली वर्षं, जवळपास माझ्या वयाची. ते एवढंच म्हणाले, “ए पोरा, बघत काय बसलायस? जा, शेंगा धुवून आण.”

पोपटीची तयारी चालली होती. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा आल्या की शेतावर पोपटी लागते, आणि खरं सांगायचं तर पोपटी म्हणजे बाटली आलीच. मी आजवर खाल्लेल्या एकाही पोपटीची चव मला आठवत नाही, यात सगळं आलं. ती तिथे मी पहिल्यांदा नीट बघितली. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. पाणी एक थेंब नाही. मग मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. झाली की नाही बघायला गावातल्या दादांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. ते चर्रकन उडून गेलं, म्हणजे झाली. या सगळ्यात दोन तास गेले. साडेसात ते साडेनऊ, माझी पिण्याची ठरलेली वेळ. मला कळलंच नाही.

शेकोटीभोवतीच्या शेअरिंगबद्दल फार लिहीत नाही. जे तिथे बोललं गेलं ते तिथेच. फक्त वेळेचं भान हवं होतं. एका मेंबरने पाऊण तास घेतला आणि नवीन पोरं पेंगायला लागली. दुसऱ्या दिवशी गडावर गेलो. सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या जिन्याने वर चढताना माझी छाती भात्यासारखी हलत होती. सिगारेट सोडण्याचा विषय मी तिथेही काढला नाही आणि इथेही काढत नाही.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. रविवारी रात्री मला खोकला लागला. एकाने मायेने पिशवीतून कफ सिरप काढून दिलं. काकांनी बॅटरी मारून लेबल वाचलं आणि बाटली काढून घेतली. त्यात अल्कोहोल होतं, आणि मी डायसल्फिरामच्या, म्हणजे दारूपासून लांब ठेवणाऱ्या, गोळ्यांवर. त्या गोळीवर थोडं अल्कोहोल गेलं तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, कधी प्रकरण हॉस्पिटलपर्यंतही जातं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. डॉक्टरांनी मला हे सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. आयोजकांनी निघण्यापूर्वी कोण कुठल्या औषधावर आहे ते लिहून घ्यायला हवं होतं. रात्री बाराला मग शेजारी फटाके वाजले आणि आम्ही गवती चहा प्यालो.

आता आठ महिन्यांचा हिशोब. जानेवारीभर उत्साह होता, फेब्रुवारीत ओसरला. ‘कर्जत ट्रेक’वर आता निव्वळ गुड मॉर्निंगची फुलं येतात. आमच्यातल्या दोघांची स्लिप झाली, म्हणजे ते परत प्यायले. एक परत मीटिंगला येतो, दुसऱ्याचा फोन लागत नाही. तेव्हा शिबिराने दारू सुटते असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. माझी सुटली आहे असंही मी म्हणत नाही, आजच्या दिवसापुरती घेतलेली नाही. टिकलं ते एकच. संध्याकाळी साडेसातला हाताला काम हवं हे मला मीटिंगमध्ये शंभरदा सांगितलं होतं, पण कळलं ते शेंगा धुताना. तेव्हापासून घरी भाजी निवडणं माझ्याकडे. बायकोने आधी संशयाने बघितलं. आता ती मेथी पण माझ्यासाठी ठेवते.

या ४ ऑगस्टला गटारी रविवारी आली. चाळीत दुपारपासूनच गडबड, खालच्या पोरांनी दोनदा हाक मारली. आमच्याकडे आईची दिव्याची अवस असते, त्यामुळे मी समया आणि निरांजनं पुढ्यात घेऊन पितांबरी लावत बसलो. दिवे संपले तेव्हा सातच वाजले होते. काकांना फोन लावला. ते बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होते, फोन स्पीकरवर. तासभर आम्ही काय बोललो ते आठवत नाही. मधेच ते म्हणाले, “थांब, साल घशात अडकली,” आणि पाणी प्यायला उठले.

या डिसेंबरसाठी नाव दिलं आहे. जागा बदलणार असतील तर. कडीचं मात्र मी आधी स्वतः जाऊन बघून येणार आहे.