वेडेलिया लावावी की अरॅकिस?

पिवळी फुलं देणारं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकणारं ग्राउंड कव्हर, म्हणजे जमीन झाकून पसरणारं झाड, हवं असेल, तर निवड बहुतेक वेळा या दोघांवर येऊन थांबते. मी आधी सहा वर्षं वेडेलिया ठेवली. नंतर ती काढून त्याच जागी अरॅकिस लावला, त्याला आता चार वर्षं झाली. ऊन, पाणी, माती यांवर लिहीत नाही. उष्ण, दमट हवा दोन्हींना मानवते आणि कडाक्याच्या थंडीत दोन्ही मान टाकतात.

फुलांच्या बाबतीत वेडेलिया सरस, यात वादच नाही. ती सूर्यफुलाच्या कुळातली, त्यामुळे आपण जे एक फूल म्हणतो तो खरं तर बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या प्रत्येक पाकळीच्या टोकाला खाचा असतात. चकचकीत गर्द पानांवर हा पिवळा रंग लांबूनही दिसतो आणि माझ्याकडे तो जवळजवळ बारा महिने असायचा. अरॅकिस भुईमुगाचा सख्खा भाऊ. फुलंही तशीच, लहान, पानांत अर्धी दडलेली. सकाळी उमलतात आणि दिवस कलेपर्यंत मिटतात. संध्याकाळी बागेत बसणाऱ्याला ती फारशी भेटत नाहीत.

वेगातही वेडेलियाच पुढे. पावसाळ्याच्या सुरुवातीला हातभर अंतरावर फाटे टोचले होते, दोन महिन्यांत माती दिसेनाशी झाली. अरॅकिसने पहिलं वर्ष माझा धीर पाहिला. मधल्या मोकळ्या जागेत तण उगवायचं आणि मी ते उपटत बसायचो.

एवढं असूनही वेडेलिया काढली, कारण ती दिलेल्या जागेत राहत नाही.

तिचं प्रत्येक पेर मातीला टेकलं की मूळ धरतं. शेजारच्या गुलाबाच्या आळ्यात शिरलेली एक वेल मी ओढून काढली, तेव्हा ती वीतभर येऊन तुटली. हातातल्या तुकड्यावर तीन पेरं होती आणि प्रत्येकाला पांढऱ्या मुळांचा झुपका, मातीच्या कणांसकट. उरलेली वेल गुलाबाच्या मुळांतच राहिली. पंधरा दिवसांनी तिथून दोन फुटवे वर आले. पावसाळ्यात दर आठवड्याला वाफ्याची कड कापावी लागायची, आणि कापलेलं टाकायचं कुठे हा वेगळाच प्रश्न. एकदा सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं. ते खत कुंड्यांत घातलं, तर तीन कुंड्यांत वेडेलिया उगवली. त्या दिवशी माझं मन तिच्यावरून उतरलं.

हा माझ्या एकट्याच्या बागेचा अनुभव म्हणून सोडून दिला असता. पण जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक परक्या प्रजातींची जी यादी निसर्गसंवर्धन क्षेत्रात प्रमाण मानली जाते, तिच्यात वेडेलिया आहे. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं हे तिचं मूळ घर. शोभेसाठी म्हणून ती उष्ण प्रदेशांत नेली गेली आणि बागांतून निसटून ओढ्याकाठी, रस्त्याकडेला पसरली. हा पसारा मुख्यतः बियांनी नव्हे, तर अशाच तुटक्या फाट्यांनी झाला. बागेचा कचरा जिथे टाकला जातो तिथे ती रुजते. तुमच्या कुंपणापलीकडे ओढा किंवा रान असेल, तर हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

अरॅकिसही पसरतो, नाही असं नाही. जमिनीखाली शेंगाही धरतो. पण कडेला आलेला फाटा खुरप्याने उचलला की बहुधा विषय मिटतो, निदान माझ्याकडे तरी. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून केळी आणि कॉफीच्या बागांत तो आच्छादन म्हणून लावतात. माझ्या झाडांची पानं अलीकडे जास्त हिरवी वाटतात. ते याचंच श्रेय की खताचं, हे ठामपणे सांगता येणार नाही. अरॅकिसवरून अधूनमधून चाललं तरी तो सावरतो. वेडेलियाचे रसाळ दांडे पायाखाली मोडतात. आणि अंधार पडताना अरॅकिसच्या चार-चार पानांच्या जोड्या हळूहळू मिटतात, ते मी अजूनही थांबून बघतो.

तरी वेडेलियाला एक जागा मी देईन. चहूबाजूंनी काँक्रीट असलेला उताराचा तुकडा, जिथे माती वाहून जाते आणि दुसरं काही तग धरत नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेतही ती टिकते. अशी जागा असेल आणि कापलेला प्रत्येक फाटा उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकायची तयारी असेल, तर जरूर विचार करा. बाकी सपाट वाफा, शेजारी इतर झाडं, हाताशी वेळ कमी, असं असेल तर पहिल्या वर्षाचं तण सोसून मी अरॅकिसच लावेन.

गुलाबाच्या आळ्यात अजूनही मधूनच एखादं तीन टोकांचं चकचकीत पान वर येतं. ते दिसलं की मूळ हाती लागेपर्यंत मी उकरत राहतो.