विद्यार्थ्यांना देशाच्या लष्करी भूमिकेबद्दल विचारायचंय? गूगल फॉर्म्स कितपत पुरतं

‘आपल्या देशाने परदेशात सैन्य पाठवावं का?’ हा प्रश्न गूगल फॉर्म्सवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन प्रश्नावली बनवायच्या साधनावर, टाकायला दोन मिनिटं पुरतात. दुवा गटावर गेला की संध्याकाळपर्यंत उत्तरांचा रंगीत पाय चार्ट तयार असतो. वर्गापुरत्या किंवा एका कॉलेजपुरत्या मतचाचणीसाठी हे साधन आम्ही बेधडक सुचवू. फुकट आहे, मोबाइलवर चालतं, मराठी नीट दिसतं. पण या विषयासाठी त्यातल्या निम्म्या सोयी बंद ठेवाव्या लागतात, आणि कोणत्या ते आधीच माहीत हवं.

वरचा प्रश्न एकच दिसतो, पण त्याच्या पोटात पाच वेगळे प्रश्न आहेत: संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तुकडी देणं, करार केलेल्या मित्रदेशाच्या बचावाला जाणं, चाच्यांविरुद्ध समुद्रात गस्त घालणं, भूकंप-पुरात मदत करणं, आणि युद्धात अडकलेल्या आपल्या नागरिकांना सोडवून आणणं. शांतिसेनेला ‘हो’ म्हणणारी मुलगी मित्रदेशासाठी लढायला ठाम ‘नाही’ म्हणू शकते. एका प्रश्नात हे सगळं कोंबलं तर ‘हो’ नेमका कशाला, ते कळत नाही.

पाच प्रश्न म्हटल्यावर ग्रिड, म्हणजे ओळींत प्रश्न आणि रकान्यांत उत्तरं असलेला तक्ता, वापरायचा मोह होतो. टाळा. मोबाइलच्या उभ्या पडद्यावर ग्रिडचे शेवटचे रकाने बाहेर जातात, ते बघायला आडवं सरकवावं लागतं. शेवटचा रकाना बहुधा ‘सांगता येत नाही’ असतो, म्हणजे नेमकं तेच उत्तर दडून राहतं. शिवाय कंटाळलेली मुलं वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यावर टिचक्या मारत जातात. त्यापेक्षा एक मल्टिपल चॉइस (पर्यायांतून एकच निवडायचा) प्रश्न नीट लिहा, ड्युप्लिकेटचं बटण चार वेळा दाबा आणि मजकूर बदला. प्रश्नाखालच्या डिस्क्रिप्शनच्या जागेत एक ओळ माहिती द्या. उदाहरणार्थ: ‘संयुक्त राष्ट्रांचं स्वतःचं कायमचं सैन्य नसतं, सदस्य देश तुकड्या देतात.’ हे पुष्कळ विद्यार्थ्यांना माहीत नसतं. मात्र त्या ओळीत ‘गौरवशाली’ किंवा ‘नाहक’ असं एकही विशेषण येऊ देऊ नका.

शब्दांनी किती फरक पडतो? अमेरिकेत १९४० साली झालेला प्रयोग अजूनही सांगितला जातो. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं विचारलं तेव्हा ६२ टक्के ‘देऊ नये’ म्हणाले. ‘बंदी घालावी का’ असं विचारल्यावर ‘घालावी’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. ‘सैन्य पाठवावं’ आणि ‘युद्धात उतरावं’ यांतही असंच अंतर पडू शकतं. दोन शब्दरचना ताडून बघायच्या तर निम्म्या विद्यार्थ्यांना एक आणि निम्म्यांना दुसरी अशी आपोआप वाटणी फॉर्म्समध्ये होत नाही. जन्ममहिना सम की विषम असं विचारून वेगळ्या सेक्शनला, म्हणजे फॉर्मच्या वेगळ्या भागाला, पाठवता येतं. हा जुगाड आहे, पण चालतो.

आता शफल. पर्यायांची उलटापालट करणारी सोय देशांच्या यादीला ठीक आहे. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा उतरंडीला ती लावली की उतरंडच मोडते आणि ‘सांगता येत नाही’ मध्येच घुसतं. प्रश्नांचा क्रम बदलणारी सोय तर इथे बंदच ठेवा. अमेरिकेतच १९४८ मध्ये ‘कम्युनिस्ट देशांच्या बातमीदारांना इथे येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का’ हे आधी विचारलं तर सुमारे ३७ टक्के ‘हो’ म्हणाले. ‘आपल्या बातमीदारांना तिकडे तशी मुभा असावी का’ या प्रश्नानंतर विचारलं तेव्हा ७३ टक्के. क्रमाचा परिणाम एवढा मोठा, आणि कोणाला कोणता क्रम दिसला याची नोंद फॉर्म्स ठेवत नाही. म्हणून क्रम स्वतः ठरवा: आधी सर्वसाधारण प्रश्न, मग तपशिलाचे. ते वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवले तरी बॅकचं बटण राहतंच, मागे जाऊन उत्तर बदलता येतं.

या साधनाची खरी ताकद उत्तरानुसार वाट बदलण्यात आहे, आणि या विषयाला ती फार उपयोगी पडते. ‘हो’ म्हणणाऱ्याला पुढे विचारा, ‘आपले सैनिक दगावले तरी?’ ‘नाही’ म्हणणाऱ्याला, ‘संयुक्त राष्ट्रांनी विनंती केली तरी?’ किंमत समोर आल्यावर जे मत टिकतं, ते नोंदवण्यासारखं. नेहमीची चूक इथे होते. ‘हो’वाल्या सेक्शनच्या तळाशी पुढे कुठे जायचं ते बदललं नाही, तर तो विद्यार्थी सरळ ‘नाही’वाल्या सेक्शनमध्ये जाऊन पडतो आणि दोन्हीकडे उत्तरं देतो. दोन्ही वाटा स्वतः भरून तपासा. एका सेक्शनमध्ये वाट बदलणारा प्रश्न एकच ठेवा.

नाव गुप्त राहण्याबद्दल जास्त काळजी घ्या. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावली की गूगल खात्यात शिरावं लागतं. ईमेल गोळा होत नसला तरी वर स्वतःचा पत्ता दिसतो, आणि ज्याच्या घरात कोणी सैन्यात आहे किंवा जिथे लष्करी सेवा सक्तीची आहे तिथला विद्यार्थी हात आखडता घेतो. ही मर्यादा काढा, फॉर्म वर्गातच भरून घ्या आणि डोकी मोजून प्रतिसादांशी ताडा. वय, शाखा, लिंग तिन्ही विचारलं तर तीस जणांच्या वर्गात माणूस सहज ओळखू येतो. एकच विचारा. वर्गात परदेशी विद्यार्थी असतील तर ‘आपला देश’ न लिहिता देशाचं नाव लिहा. कोस्टा रिकाने तर १९४८ मध्येच सैन्य बरखास्त केलं, तिथल्या मुलाने ‘आपलं सैन्य’ म्हणजे काय समजायचं?

निकालाच्या पानावर दोन प्रश्नांची सांगड दिसत नाही. त्यासाठी उत्तरं गूगल शीटला जोडून पिव्होट टेबल, म्हणजे एका प्रश्नाची उत्तरं दुसऱ्याच्या उत्तरांनुसार मोजणारा तक्ता, करा. चेकबॉक्सची (एकाहून जास्त पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नाची) उत्तरं एकाच खान्यात स्वल्पविरामांनी जोडून येतात, म्हणून पर्यायाच्या मजकुरात स्वल्पविराम नको. चाचणी चालू असताना पर्यायाचं शुद्धलेखनही सुधारू नका: जुनी उत्तरं जुन्या मजकुरासकट राहतात आणि चार्टमध्ये एकाच मताचे दोन तुकडे दिसतात.

निकाल सांगताना प्रश्न जसाच्या तसा छापा. ९ फेब्रुवारी १९३३ ला इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेत ‘हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देशासाठी लढणार नाही’ हा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला. ते भाषणं ऐकून झालेलं मतदान होतं, पण एका पिढीचा कौल म्हणून ते जगभर गाजलं. म्हणून टक्क्यांशेजारी प्रश्नाचे शब्द, हजर किती, उत्तरं किती आली आणि तारीख, एवढं लिहाच. पाय चार्टचा नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर यातलं बरंचसं मागे राहतं.