ओढ्याच्या वरचं रान : मातीचा बांध घालावा की वाळा लावावा?

वर उताराचं रान आणि खाली ओढा असेल, तर माती अडवायला सहसा दोनच गोष्टी सुचवल्या जातात : मातीचा बांध किंवा उताराला आडवी वाळ्याची (खस, म्हणजे सुगंधी मुळांच्या गवताची) ओळ. खर्चाचा हिशेब नंतर. आधी जमीन कोणती ते पाहा.

हलक्या, मुरमाड रानात आणि कमी पावसाच्या पट्ट्यात बांध उत्तम. पाणी अडतं, तिथल्या तिथे मुरतं. भारी काळ्या जमिनीत मात्र तोच बांध अंगाशी येतो. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात, शिवाय घुशी-खेकड्यांची बिळं. पावसाळ्यात काळी माती पाणी लवकर पीत नाही; बांधाच्या वरच्या अंगाला ते तुंबतं, पीक पिवळं पडतं आणि शेवटी शेतकरीच बांध फोडून वाट करून देतो. मग साऱ्या रानाचं पाणी त्या एकाच तोंडातून पळतं, ओघळ पडते. जादा पाणी सुखरूप काढून देणारा दगडी सांडवा करणार नसाल तर काळ्या रानात बांध घालूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळा पाणी अडवत नाही, त्याचा वेग मोडतो. दाट बुंध्यांमधून पाणी पुढे जातं, माती मागे बसते आणि काही वर्षांत ओळीमागे पायरी तयार होते. मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, म्हणून शेजारच्या पिकाला फारसा त्रास नाही. ठोंब १०-१५ सेंमीवर लावायचे. विरळ लावले तर फटीतून पाणी घुसतं. अडचण वेळेची आहे. ओळ दाट, बिनफटीची व्हायला दोन-तीन पावसाळे जातात, तोवर तुटाळ (मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा) भरा, गुरं आवरा. आणि मुळ्या विकायच्या मोहाने ओळ उकरली, की सगळं मुसळ केरात.

ओढ्यासाठी विचाराल तर माझा कौल वाळ्याला. शेतातल्या मातीला चिकटून स्फुरद (फॉस्फरस) वाहतं, खाली तलावात शेवाळ माजतं. वाळू-गोट्यांच्या ज्या फटींत मासे अंडी घालतात, त्या गाळाने बुजतात. पण अगदी बारीक चिकणमाती वाळ्यातूनही निसटते. म्हणून काठावरची करंज, उंबर, निर्गुडी, लव्हाळ्याची पट्टी नांगराखाली घेऊ नका. ती पट्टी राखायची तयारी नसेल, तर वरचा खर्च निम्मा वाया.

नाला खोलीकरण हा तिसरा पर्याय म्हणून गावोगाव पुढे येतो. त्याने पाणी साठेल, शेतातली माती थांबणार नाही. उलट जेसीबीने उभे कापलेले काठ ढासळतात, काठची झाडी जाते.

ओघळ आधीच पडली असेल तर तिथे अनगड (न घडवलेल्या) दगडांचे बांध घाला, वरून खाली येत. यंदा पैसेच नसतील तर उताराला आडवी नांगरट आणि पेरणी करा. रब्बी ज्वारीसाठी पावसाळाभर उघडं ठेवलेलं रान फार धुपतं; ओल साथ देत असेल तिथे आधी मूग-उडीद घेऊन ते झाका. वाळ्याची ओळ एका पातळीत आखायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते; ठोंब मात्र जमिनीत पुरती ओल झाल्यावरच लावा.